चौऱ्याण्णव टक्क्यांचा कोशोक

दुपारी एक ते तीन ही बालवाडीतली झोपेची वेळ. बावीस पोरं बावीस खाटल्यांवर पसरलेली, कुणाचा पाय शेजारच्याच्या तोंडाशी, कुणाचं तोंड सताड उघडं. या दोन तासांत कालिपाने एकोणीस वर्षांत काय काय केलं होतं! मोजे विणले, मुलीच्या वह्या तपासल्या, आणि गेली दोन वर्षं पदविकेचा अभ्यास केला. त्या दिवशी तिने फोन उघडला आणि तिला किंचाळावंसं वाटलं. किंचाळता येईना, कारण पोरं आत्ताच कुठे झोपली होती.

पडद्यावर लाल आकडा होता, ९४. त्याखाली दोन ओळी: सादर केलेला मजकूर चौऱ्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला आहे. गुण शून्य.

ती उठली, बाहेर कोट टांगायच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. तिथे पोरांचे कोट ओळीने लटकले होते आणि खाली चव्वेचाळीस छोटे बूट. एका कोटात तोंड खुपसून तिने ज्या काही शिव्या घातल्या त्या आक-झार गावात आजवर फक्त मेंढ्यांना आणि ट्रॅक्टरला घातल्या गेल्या असतील. मग डोळे पुसून ती आत आली आणि एका पोराचं पांघरूण सारखं केलं.

आता हा पेपर तिचा शेवटचा होता. सरकारने नवीन फतवा काढला होता की एक सप्टेंबरपासून पदविका नसलेल्या बाईने मुलांच्या खोलीत काम करायचं नाही, पाहिजे तर फरशा पुसाव्यात. एकोणीस वर्षांत कालिपाच्या हाताखालून गावातली अर्धी तरुण पिढी गेली होती. दूध पाजलं तिने, नाकं पुसली तिने, चड्डीच्या नाड्या बांधल्या तिने, आणि आता तिला कागद पाहिजे होता. म्हणून तिने राजधानीतल्या, बिश्केकच्या एका दूरशिक्षण संस्थेत नाव घातलं. सगळं फोनवरच, धडे, चाचण्या, निबंध, निकाल. दोन वर्षं कुठेही न अडखळता पार पडली. बालवाडीच्या संचालिकेने मागच्याच आठवड्यात नारिन शहरातून आलेल्या तेवीस वर्षांच्या एका मुलीला खोली दाखवली होती. "नुसतं बघायला आलीय," असं संचालिका म्हणाली, पण ती मुलगी खाटल्या मोजत होती, आणि ते कालिपाने पाहिलं होतं.

शेवटच्या पेपरचा विषय होता, आपल्या भागातलं मौखिक साहित्य. स्वतः ऐकलेलं किंवा स्वतः रचलेलं काहीतरी लिहा आणि त्यावर चार पानं टिपण द्या. कालिपाने आपल्या सासूसाठी म्हटलेला कोशोक, म्हणजे विलापगीत, लिहिला होता.

इथे सासूविषयी सांगायला पाहिजे. म्हातारीचं नाव झुराकान. हे मी सांगतो आहे, कालिपा ते नाव मेली तरी घेणार नाही. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, आणि कालिपा या बाबतीत जरा जास्तच कडक. चार वर्षांपूर्वी तिच्या वर्गात झुराकान नावाची एक गोड पोरगी आली. सगळं वर्ष कालिपाने तिला "चिमणाबाई" म्हटलं. हजेरीत तिच्या नावापाशी आली की खोकायची, आणि पोरगी शहाणी, खोकला ऐकला की "हजर!" म्हणून ओरडायची.

तर ही सासू. लोकांच्या सासवा मारतात, उपाशी ठेवतात, तसलं काही नव्हतं. ती नुसती बघायची. चहाचा रंग बघायची, रोटीची कड बघायची, साखरेच्या डब्यातले खडे पाहुणे येण्याआधी आणि गेल्यानंतर बघायची. बावीस वर्षांत सुनेला "बरं झालं" असं एकदाही म्हणाली नाही. कालिपाने तिच्या चहात एकदा रागाने तीन चमचे मीठ घातलं, तर म्हातारी तो शेवटपर्यंत प्यायली आणि म्हणाली, "आज जरा चव आहे." त्या घरात असं युद्ध चालायचं. कालिपाचा नवरा जुमाश दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. तो ट्रॅक्टरखाली जाऊन पडायचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात म्हातारी गेली. अंगणात लोकरीचा तंबू उभा राहिला. बाहेर पुरुष दुरूनच हंबरडा फोडत यायला लागले, आणि आत बायका भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसल्या. आता सुनेने कोशोक म्हणायचा. मेलेल्या माणसाचं असणं-नसणं सुरात सांगायचं, तिथल्या तिथे जोडून. सगळ्यांना वाटलं होतं कालिपा दोन-चार ठरलेल्या ओळी म्हणेल आणि रुमाल तोंडाला लावेल. तिने सुरुवात ठरलेल्या ओळींनीच केली:

हातावरचा ससाणा उडाला,
हात तसाच उघडा राहिला.
तंबूचा मधला वासा मोडला,
आभाळ आत उतरून आलं.

हे सगळेच म्हणतात. आमच्या आज्या म्हणत, त्यांच्या आज्या म्हणत. पण मग तिचा आवाज फिरला:

खडे मोजणारे डोळे मिटले,
डबा भरलाय, मोजील कोण?
पाणचट म्हणणारे ओठ मिटले,
चहा कडक आहे, पिईल कोण?
बावीस वर्षं चुका वेचल्या माझ्या,
आता चुकले तर सांगेल कोण?

तंबूत बसलेल्या ज्या बायकांना स्वतःच्या सासवांचा तिरस्कार होता त्यासुद्धा ढसाढसा रडल्या. बाहेर जुमाश काठीवर डोकं टेकून उभा होता, त्याला पहिल्यांदा कळलं की या दोघी एकमेकींच्या किती जवळ होत्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावच्या बायका खास ऐकायला आल्या. कालिपाने पुन्हा म्हटला, शेवटच्या मातीपर्यंत. त्यानंतर कधीच नाही. कुणी मेलेलं नसताना कोशोक म्हणायचा नसतो. तो रिकामा हिंडत नाही, कुणाच्या तरी दारात जाऊन बसतो. लहान पोरीने भातुकलीत खोटं रडून दाखवलं तरी तिची आई तिच्या तोंडावर फटका मारते.

म्हणून लिहितानासुद्धा तिने आधी सात रोट्या तळल्या, म्हातारीच्या नावाने तळणीचा वास सोडला (तो मेलेल्यांना पोचतो म्हणतात), शेजाऱ्यांना वाटल्या. मग झोपेच्या वेळेत, नऊ दुपारी बसून, वहीत लिहून काढला. मुलीने, आयचुरोकने, तो फोनवर टाइप करून पाठवला.

त्यावर ९४.

आकड्याखाली कारणंही दिली होती. वाक्यांची लांबी ठरावीक व एकसारखी आहे. अनेक वाक्प्रयोग इतर उपलब्ध मजकुरांशी जुळतात. ज्या व्यक्तीविषयी लिहिले आहे तिचे नाव संपूर्ण मजकुरात एकदाही येत नाही. अशी मोघमता यंत्रलेखनात आढळते.

तिसरं कारण वाचून कालिपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं जे नाव जिभेवर येऊ दिलं नाही, एका पोरीची हजेरी ज्याच्यासाठी खोकून घेतली, ते नाव नाही म्हणून हे यंत्राचं?

घरी येऊन तिने पातेली आपटायला सुरुवात केली. जुमाश दारातूनच मागे फिरणार होता, पण सापडला.

"अहो, हे बघा. तुमच्या आईला यंत्र रडलं म्हणे!"

जुमाशने फोन लांब धरून वाचलं. "चौऱ्याण्णव. म्हणजे सहा टक्के तू रडलीस."

"दात काढू नका!"

"नाही काढत. दुसरं काहीतरी लिहून पाठव ना. लांडग्याची गोष्ट पाठव. लांडग्याला कुणी नावं ठेवत नाही."

"दुसरं का म्हणून? मी चोरी केली का?"

आयचुरोक कोपऱ्यात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. ती आईला म्हणाली, "आपा, खरं सांगू? तुझ्याबरोबर पदविका करते ती जिल्दिझ एजे आहे ना, तिने लांडग्याचीच गोष्ट पाठवली. सगळी यंत्राकडून लिहून घेतली. मग दुसऱ्या यंत्रात घातली, ते त्यात चुका टाकतं. मधेच वाक्य तोडतं, एखादा शब्द गाळतं. म्हणजे माणसाने लिहिल्यासारखं दिसतं. तिला अठ्ठ्याऐंशी मिळाले."

"अठ्ठ्याऐंशी?"

"हो. आणि शेरा, 'जिवंत शैली'. तुझा पण घालते ना त्यात. पाच मिनिटांचं काम आहे."

कालिपा उभीच राहिली. हातात झारा होता. तिच्या म्हातारीच्या कोशोकमध्ये यंत्र चुका टाकणार, तेव्हा दुसरं यंत्र म्हणणार की हो, हे माणसाचं! जिल्दिझ नावाची ती बाई, जिला सासूच नाही, जिने आयुष्यात लांडगा पाहिला तो फक्त टीव्हीवर, तिची शैली जिवंत!

"हात लावशील तर बघ," ती मुलीला म्हणाली. "त्यातली एक ओळ इकडची तिकडे केलीस तर तुझी बोटं मोडून ठेवीन."

तिने तक्रार केली. तीही फोनवरच करायची होती, एका चौकटीत, तीनशे अक्षरांत. तीनशे अक्षरांत माणूस धड रागावूसुद्धा शकत नाही. तिने लिहिलं: हे मी रचलं आहे. नाव नाही कारण मी सून आहे. तुम्हाला लाज वाटत नसेल तर मला बोलवा. उत्तर आलं, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, दृक्श्राव्य सुनावणी.

गुरुवारी तिने रजा घेतली. पांढरा रुमाल बांधला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तोच डबा. जुमाशला बाहेर जायला सांगितलं, तो दारामागे जाऊन उभा राहिला.

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात एल्नुरा, हा विषय शिकवणारी तरुण बाई, डोळे खाली. दुसऱ्यात विभागप्रमुख, कुबानिच सादिरोविच. निळा टाय, मागे प्रमाणपत्रांची भिंत, हाताशी चहाचा पेला. पंचेचाळिशीचा असेल, पण बोलणं असं की जणू कालिपा बावीस पोरांपैकी एक.

"बसा एजे, बसा," मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला. "घाबरू नका."

"मी बसलेलीच आहे. आणि घाबरलेली नाही."

"छान. आता हे बघा, आम्ही कुणाच्या विरोधात नाही. यंत्र तपासतं, आकडा देतं. मी काय, एल्नुरा काय, आम्ही मधे नाही."

"मग तुम्ही पगार कशाचा घेता?"

एल्नुराने तोंडावर हात घेतला. कुबानिच सादिरोविचने चहाचा घोट घेतला.

"एजे, मी पण खेड्यातला, जुमगालचा पोर आहे. तंबूत वाढलोय. कोशोक म्हणजे काय ते मला सांगायची गरज नाही."

"मग नाव का नाही हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

"मला कळतं. यंत्राला कळत नाही."

"यंत्राला सासू आहे का?"

"एजे…"

"नाही, विचारते. त्याने कधी कुणाचं ऐकून घेतलंय? पाणचट चहा केलाय? त्याला सांगा, ये आक-झारला, एक हिवाळा राहा माझ्या घरात, मग टक्के काढ."

दारामागून जुमाशचा खोकला आला. कुबानिच सादिरोविचने पेला बाजूला ठेवला आणि चेहऱ्यावर समजूतदारपणा आणला. खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नव्हता. पण समोर आकडा असला की त्याच्यामागे उभं राहायची ज्यांना सवय लागते, त्यातला होता. स्वतः वाचून स्वतः ठरवण्याचं काम बरंच आहे, आणि अंगाशी येणारं आहे.

"हे बघा, मार्ग आहे," तो म्हणाला. "नियमच आहे आमचा. शंका आली तर तोंडी परीक्षा. ज्याने खरंच रचलं असेल त्याला म्हणता येतं. तुम्ही म्हणून दाखवा. दोनच मिनिटं. संपला विषय."

कालिपाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हणून दाखवू?"

"कोशोक."

"आत्ता?"

"हो, आत्ता. आम्ही ध्वनिमुद्रण करतो, फाइलला जोडतो."

"कोण मेलंय?"

"अहो, कुणी नाही मेलं."

"मग?"

"मग काय? परीक्षा आहे ही!"

कालिपाने एल्नुराकडे पाहिलं. ती पोरगी पांढरी पडली होती. तिच्या आईने तिलाही लहानपणी तोंडावर फटका मारला असणार.

"सर," एल्नुरा हळूच म्हणाली, "म्हणजे… घरात कुणी गेलेलं नसताना बायका म्हणत नाहीत."

"एल्नुरा, आपण विद्यापीठाच्या पातळीवर बोलतोय. अंधश्रद्धेच्या नाही." तो कालिपाकडे वळला. "एजे, जुमगालला माझी आजी सुद्धा असलंच म्हणायची. मला ठाऊक आहे. पण कागदाला हे सांगता येत नाही. नकार म्हणजे कबुली, असं लिहावं लागतं मला. मग पेपर गेला, पदविका गेली. तुमचंच नुकसान."

जुमाशने दार किलकिलं केलं. "अगं, हळू आवाजात म्हण ना," तो कुजबुजला.

"हळू?" कालिपा त्याच्यावर उखडली. "मरण हळू आवाज ऐकत नाही की काय? तुमच्या आईला मातीतून उठवून या टायवाल्यापुढे बसवू? उद्या हीच आयचुरोक तापाने फणफणली तर हा येईल का पाणी द्यायला?"

जुमाशने दार लावून घेतलं.

कालिपा पुन्हा फोनकडे वळली. डब्यापलीकडे तिला सगळं दिसत होतं. फरशीचं फडकं, खाटल्या मोजणारी ती मुलगी, आणि बावीस पोरांना दिवसभर लांबून बघणारी आपण स्वतः. बावीस वर्षं कुणीतरी चुका काढत होतं ते तिने सोसलं, कारण काढणारी समोर बसून, चहा पिऊन, तोंडावर काढत होती. या माणसाने तिचा पेपर वाचलासुद्धा नव्हता. तिच्या आयुष्यात ती त्या म्हातारीशी एकदाच न घाबरता बोलली होती, भिंतीकडे तोंड करून, मेल्यावर. तेवढंच बोलणं यांनी तिच्या हातातून काढून घेतलं आणि यंत्राच्या नावावर लावलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणते."

"वा! बघा, उगाच ताणलं."

"पण कोशोक रिकामा म्हणता येत नाही. कुणाच्या तरी नावाने लागतो. माझी सासू गेली, तिला मी रडले, मातीपर्यंत पोचवलं. तिला पुन्हा उठवणार नाही. दुसरं कुणीतरी पाहिजे."

"घ्या कुणीही. नमुन्यादाखल."

"तुम्ही चालाल."

"काय?"

"सासूचं नाव मला घेता येत नव्हतं, म्हणून तुम्ही शून्य दिलंत. तुमचं घेता येतं. तुम्ही माझे कुणी लागत नाही."

तिने रुमाल कपाळावर ओढला. उठली, पडद्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि कमरेवर हात ठेवले. आणि तो सूर लावला, जो आमच्याकडे कुणीही रस्त्याने जाताना ऐकला तर थांबतो आणि विचारतो, कोण?

जुमगालचं पोर मोठं झालं,
शहरात उंच खुर्ची मिळाली.
निळा टाय गळ्यात राहिला,
गळ्यातला श्वास कुठे गेला?
चहा अजून निवला नाही,
कुबानिच, पेला धरील कोण?
आई दारात उभी राहिली,
सादिरच्या पोरा, येईल—

"थांबा!"

मागे काहीतरी सांडल्याचा आवाज आला. कालिपा थांबली नाही.

—येईल कोण?
भिंतीवर कागद टांगले त्याने—

"थांबा! एजे, थांबा! तुफ, तुफ! एल्नुरा, बंद कर ते! मुद्रण बंद कर! माझी आई जिवंत आहे हो, बाई!"

कालिपाने मान वळवली. पडद्यावर विभागप्रमुख उभा होता, चहा टायवर, आणि अपशकुन टळावा म्हणून कॉलर ओढून तो गळ्यात थुंकत होता. अगदी जुमगालच्या आजीने शिकवलं होतं तसं, तीन वेळा.

"पुरं नाही झालं," ती म्हणाली. "अजून तुमची बायको राहिली, पोरं राहिली. तपासायला सगळं लागेल ना? ओळींची लांबी मोजून घ्या, सारखी असेल. नावं दोन्ही घेतलीत, तुमचं आणि वडिलांचं. आता किती टक्के?"

"पास! एल्नुरा, पास लिही! संपलं!"

त्याचा चौकोन काळा झाला. एल्नुरा एकटी राहिली. ती हसत होती की रडत होती कळेना. "एजे," ती म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच वाचला होता तुमचा. दोनदा. मला म्हणायचं होतं, पण…" आणि मग तीही गेली.

जुमाश आत आला तर कालिपा तशीच भिंतीशी बसलेली.

"केलंस काय हे?"

"मला करायला लावलं!" ती ओरडली. "जिवंत माणसाला रडले मी! एकोणपन्नास वर्षांत कधी केलं नाही ते करायला लावलं मेल्याने! त्याची आई आहे म्हणे. त्या बाईने माझं काय वाकडं केलंय?"

ती उठली आणि पीठ घेतलं. राग उतरला नव्हता. कणीक तिने अशी काही मळली की परातीला हादरे बसले. तेल कढत घातलं, धूर घरभर झाला, आणि तिने सात रोट्या तळल्या. प्रत्येकीला म्हणाली, "जाऊ दे, लागू नये, त्याच्या दारात थांबू नये." मधे म्हणाली, "गाढव!" आणि पुन्हा म्हणाली, "लागू नये." पाच रोट्या आयचुरोक शेजारी वाटून आली. घरातल्यांनी दोन खाल्ल्या, गरम गरम.

शुक्रवारी झोपेच्या वेळेत तिने फोन उघडला. गुण एकसष्ट, उत्तीर्ण. पण वर कोपऱ्यात लाल आकडा तसाच, ९४. खाली लिहिलेलं, तोंडी परीक्षेच्या आधारे सवलतीने उत्तीर्ण. सवलतीने! म्हणजे पदविका मिळणार, आणि सोबत हा कागद जन्मभर फाइलमध्ये राहणार. संचालिका वाचणार, नारिनची मुलगी वाचणार. पोरं झोपली होती. कालिपाने पुन्हा कोटांच्या खोलीची वाट धरली.

तिथेच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"एजे, मी कुबानिच बोलतोय." आज सादिरोविच नव्हतं. "जरा विचारायचं होतं. ते काल जे तुम्ही… ते सोडवलंत ना?"

"काय सोडवायचं?"

"आता असं काय करता. आज सकाळी माझ्या गाडीचा आरसा फुटला. उभ्या गाडीचा. आणि आईचा रक्तदाब वाढलाय. मी काही मानत नाही, पण आई मानते ना. तिला कुणीतरी सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "आई म्हणते सात रोट्या तळायला सांग त्या बाईला. ज्याने लावला त्यानेच तळाव्या लागतात."

कालिपा एका खुंटीला टेकून उभी राहिली. समोर चव्वेचाळीस बूट.

"तुमची आई शहाणी आहे," ती म्हणाली. "माझ्या पेपरवर लाल आकडा आहे."

"तो यंत्राचा आहे, एजे. मी पास केलंय ना तुम्हाला."

"सवलतीने."

"तो शब्द आपोआप येतो. माझ्या हातात नाही."

"माझंही तसंच आहे. पीठ माझ्या हातात नाही."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "त्यासाठी मला लिहून द्यावं लागेल. की मी स्वतः वाचला आणि स्वतः ठरवलं. माझी सही लागते, माझी जबाबदारी."

"मग वाचा," कालिपा म्हणाली. "अजून वाचला नाहीत ना?"

पलीकडे कळफलकाची खटखट सुरू झाली.

"वाचा. चार पानं आहेत. मी वाट बघते."

अडीच वाजता, पहिलं पोर उठायच्या आधी, लाल आकडा गेला. त्या जागी काहीच नव्हतं, नुसता पांढरा कोपरा. सवलतीचा शब्दही गेला होता. खाली सही होती आणि त्यावर एकच ओळ: मी स्वतः वाचला. रचना विद्यार्थिनीची आहे.

संध्याकाळी जुमाश ट्रॅक्टरखालून बाहेर आला आणि तिने त्याला सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत होता.

"पण रोट्या तर तू कालच तळल्यास," तो म्हणाला. "एक मीच खाल्ली."

"त्याला कुठे माहीत आहे?"

"विचारलं तर?"

कालिपाने चहा ओतला. कडक केला होता.

"विचारू दे," ती म्हणाली, "त्याच्या यंत्राला."